बुलढाण्याच्या गच्चीवरून क्यूओ-१००

जुनी डीटीएचची छत्री भंगारात देऊ नका! नोव्हेंबर २०१८ मध्ये सुटलेल्या कतारच्या उपग्रहावर क्यूओ-१०० हा हॅम रेडिओचा ट्रान्सपाँडर आहे. आपल्याकडून तो पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर कायम असतो. छत्री, एलएनबी आणि एसडीआर डोंगल जोडा, १०४८९.५ मेगाहर्ट्झच्या पुढे संभाषणं ऐकू येतात. मात्र आपल्या उन्हात साधा एलएनबी तापला की फ्रिक्वेन्सी सरकत जाते, म्हणून टीसीएक्सओवाला, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा, घ्या.

परवाना काढून बोलणार असाल, तर पॉवर वाढवण्याआधी रिसीव्हर सुधारा. तुमचा सिग्नल ट्रान्सपाँडरवरच्या बीकनपेक्षा, म्हणजे कायम चालू असणाऱ्या खुणेच्या सिग्नलपेक्षा, वरचढ झाला की ‘लैला’ ही यंत्रणा त्यावरच भोंगा वाजवते आणि ते योग्यच आहे, कारण एकाच्या दणक्याने बाकीच्यांचे क्षीण सिग्नल दबतात. हेडफोन लावून स्वतःचा परत येणारा आवाज ऐकतच बोला.