कच्चा आंबा : पिकवावा कोणता व मुरवावा कोणता

पुणे शहर आणि त्याला लागून असलेले हवेली, मुळशी व मावळ हे तालुके यांत चैत्र-वैशाखाच्या दिवसांत दुपारपर्यंत ऊन तापते आणि सायंकाळी वादळी वाऱ्यासह वळवाची सर येते. अशा एका सरीने आंब्याच्या झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. पुष्कळ घरी या सर्व कैऱ्या गोळा करून एकाच ढिगात भाताच्या पेंढ्यात घालतात व आठ-दहा दिवसांनी उघडून पाहतात. त्या वेळी काही फळे पिकलेली, काही सुरकुतलेली व बरीचशी सडलेली आढळतात. यात दोष पेंढ्याचा नसतो. निवड न केल्याचा असतो. कोणते फळ पिकवावयाचे व कोणते कच्चेच वापरावयाचे, हे आधी ठरविले तर पडलेल्या मालापैकी फारच थोडा वाया जातो.

फळ पिकते म्हणजे काय होते

झाडावर वाढत असताना आंब्याच्या गरात पिष्टमय द्रव्याचा साठा होत असतो. फळ पुरते वाढल्यावर ते तोडले तरी त्याची श्वसनक्रिया चालूच राहते आणि इथिलीन नावाचा वायू फळातच अल्प प्रमाणात तयार होऊ लागतो. या वायूच्या प्रेरणेने पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो, सालीतील हिरवे द्रव्य नाहीसे होऊन पिवळा रंग दिसू लागतो व गर मऊ होतो. 'अ' जीवनसत्त्वाचे मूळ असलेले कॅरोटीन वाढते, तर 'क' जीवनसत्त्व कच्च्या फळाच्या मानाने कमी होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या फळात पिष्टाचा साठाच पुरेसा झालेला नाही, त्याची साखर कोठून होणार? कोवळी कैरी कितीही दिवस अढीत ठेवली तरी ती मऊ पडेल, सुरकुतेल किंवा सडेल. पण गोड होणार नाही. तिला पिकविण्याच्या खटपटीत न पडता स्वयंपाकघरात घ्यावे, हेच शहाणपणाचे.

फळाची परीक्षा

तयार फळ ओळखण्याच्या पुढील खुणा सोप्या आहेत.

(१) देठाजवळचे खांदे पाहावेत. कोवळ्या फळात ते देठाच्या पातळीवर किंवा त्याखाली असतात. तयार फळात ते भरून देठाच्या वर येतात व देठ खळगीत बसल्यासारखा दिसतो. सर्वच रायवळ जातींत ही खूण सारखी उठून दिसत नाही. म्हणून दुसऱ्या खुणेची जोड द्यावी.

(२) बादलीभर स्वच्छ पाण्यात फळे सोडावीत. भरलेले फळ पाण्याहून जड असल्याने तळाशी जाते. अपुरे भरलेले तरंगते.

(३) नमुन्यादाखल एक-दोन फळे कापून पाहावीत. कोय कठीण झालेली असून गरावर पिवळसर झाक असेल तर त्या झाडाचा माल तयार झाला असे समजावे. विळीने कोय सहज कापली जात असेल तर माल कोवळा आहे.

यानंतर तीन वाटे करावेत. तळाशी गेलेली व न दुखावलेली फळे अढीसाठी. तरंगणारी फळे लोणचे, आंबोशी व पन्हे यांसाठी. आणि फुटलेली किंवा मार बसलेली फळे त्याच दिवशी वापरण्यासाठी. उंचावरून जमिनीवर आदळलेल्या फळाला वरून डाग दिसत नसला तरी आतला गर दुखावलेला असतो. म्हणून शक्य असेल तेथे वादळाची वाट न पाहता तयार फळे झेल्याने, थोडा देठ राखून उतरवावीत.

अढी घालण्याची रीत

उतरविलेल्या फळांचा चीक सालीला लागू देऊ नये. चीक लागलेल्या जागी काळे डाग पडतात. फळे देठाकडून खाली करून थोडा वेळ ठेवावीत, चीक निथळल्यावर स्वच्छ पाण्याने धुवावीत आणि सावलीत पूर्ण कोरडी करावीत. ओली फळे अढीत घातल्यास बुरशी धरते.

खोली थंड, अंधारी पण हवेशीर असावी. जमिनीवर वीतभर कोरड्या पेंढ्याचा थर द्यावा, त्यावर फळांचा एक थर लावावा, पुन्हा पेंढा घालावा. फळांचे दोन-तीन थरांहून अधिक थर करू नयेत. श्वसनामुळे फळांतून उष्णता बाहेर पडते. थर वाढले की ती आतच कोंडते व मधली फळे उकडल्यासारखी होतात. पुण्यात मे महिन्यातील दुपारचे तापमान पुष्कळदा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा उष्णतेत फळ नीट रंग धरत नाही. म्हणून पत्र्याच्या छपराखाली अढी घालू नये.

चौथ्या दिवसापासून अढी रोज चाळावी. सडू लागलेले फळ ताबडतोब काढावे. जात व तयारी यांप्रमाणे साधारणपणे आठ ते बारा दिवसांत फळे पिकतात. थोडीच फळे असल्यास ती टोपलीत किंवा कागदी पिशवीत एखाद्या पिकलेल्या केळ्यासह ठेवावीत. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीनमुळे पिकण्यास गती मिळते. कच्चे आंबे शीतकपाटात ठेवू नयेत. सुमारे १२ अंशांखालील थंडीने त्यांची साल काळवंडते व ते पुढे नीट पिकत नाहीत. पिकलेले फळ मात्र काही दिवस तेथे राहू शकते.

कार्बाइडचा मोह टाळावा

आंबा लवकर पिवळा दिसावा म्हणून कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या अढीत ठेवण्याचा प्रकार घडतो. दमट हवेशी संयोग होऊन त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात व ते आरोग्यास घातक आहेत. हा वायू भडका घेणारा असल्याने घरात आगीचाही धोका असतो. शिवाय अशा फळाची साल पिवळी होते, पण कोवळ्या फळातील गर आंबट व बेचवच राहतो. कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी असून २०११ च्या अन्न सुरक्षा विनियमांतही ती स्पष्ट केलेली आहे. व्यापारी प्रमाणावर पिकविण्यासाठी योग्य त्या बंदिस्त खोलीत इथिलीन वायूचा वापर २०१६ पासून दर दशलक्ष भागांत १०० भागांच्या मर्यादेपर्यंत मान्य आहे. घरच्या अढीला त्याची काहीच गरज नाही.

कोवळ्या कैरीचे पदार्थ

कैरी आम्लधर्मी असल्याने कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत. लोखंडी सुरीने फोडी काळ्या पडतात. म्हणून निष्कलंक पोलादाची सुरी घ्यावी.

पन्हे : कैऱ्या उकडून साल व कोय काढावी. गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, चवीपुरते मीठ व वेलदोड्याची पूड घालून एकजीव करावे. हा गोळा शीतकपाटात ठेवून लागेल तसा थंड पाण्यात कालवावा. उन्हात काम करणाऱ्या माणसास घामावाटे गेलेले पाणी व मीठ यातून परत मिळते.

आंबोशी : कोवळ्या कैऱ्यांची साल काढून पातळ फोडी कराव्यात, मिठाच्या सौम्य पाण्यातून काढाव्यात व स्वच्छ फडक्याने झाकून कडक उन्हात वाळवाव्यात. फोड वाकविली असता कडकन मोडली म्हणजे वाळली असे समजावे. तिची पूड म्हणजेच आमचूर. हवाबंद डब्यात ती वर्षभर उपयोगी पडते.

लोणचे : १ किलो फोडींस १५० ते २०० ग्रॅम मीठ असावे. मिठाने सुटलेले पाणी फोडींच्या वर आले पाहिजे, आणि त्यावर तेलाचा थर हवा. उघड्या राहिलेल्या फोडीवरच बुरशी प्रथम येते. मीठ कमी केल्यास लोणचे टिकत नाही.

साखरांबा व गुळांबा : १ किलो किसास आंबटपणाप्रमाणे सव्वा ते दीड किलो साखर किंवा गूळ घ्यावा व पाक तारेवर येईपर्यंत शिजवावे. तयार पदार्थात साखरेचा अंश सुमारे दोन तृतीयांश असला म्हणजे सूक्ष्म जंतूंना लागणारे पाणी मोकळे राहत नाही व पदार्थ टिकतो. पाक कच्चा राहिला तर मात्र काही दिवसांतच आंबतो.

अलुबुखाराविषयी थोडेसे

उन्हाळ्याच्या अखेरीस पुण्याच्या बाजारात उत्तरेकडील डोंगराळ भागातून अलुबुखार येतो. दूरच्या प्रवासासाठी तो टणक असतानाच तोडलेला असतो. कागदी पिशवीत दोन-चार दिवस ठेवल्यास तो मऊ व रसाळ होतो. परंतु आंब्याप्रमाणे त्यात पिष्टाचा साठा नसल्याने तोडल्यावर त्याची गोडी फारशी वाढत नाही. आंबटपणा तेवढा कमी होतो. फारच कच्चा असल्यास कैरीप्रमाणेच गूळ, जिरे व तिखट घालून त्याची चटणी करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

वळीव येण्यापूर्वीच गावातील महिला मंडळात पाण्याच्या बादलीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. तळाशी गेलेली व तरंगणारी अशी काही फळे खूण करून एकाच अढीत ठेवावीत आणि दहा दिवसांनी सर्वांसमक्ष कापून चाखावयास द्यावीत. शंभर शब्दांच्या उपदेशाहून हा अनुभव अधिक पटतो. पदार्थ विक्रीसाठी करावयाचे असल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणीची माहिती द्यावी.

ज्या कुटुंबाकडे बांधावरची दोन-तीनच झाडे आहेत, त्याला वादळात पडलेली पाटीभर कैरी हे मोठे नुकसान असते. ती पडेल त्या भावाने विकून टाकण्याऐवजी निवडून घेतली, तर तिच्यातील काही भाग फळ म्हणून आणि उरलेला लोणचे व आंबोशी म्हणून घरात राहतो. निवडीला लागतो तो एक तास आणि एक बादली पाणी.