धक्क्याआधीची दचक

माझी रूममेट पिस्तूल शूटर आहे. तीन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल खेळल्यावर यंदा ती २५ मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तूलकडे वळली. एअर पिस्तूलला धक्का जवळपास नसतोच. इथे मात्र पॉइंट २२ची खरी गोळी, खरा आवाज आणि हातात बसणारा खरा झटका. प्रिसिजन राउंड छान जायचा. रॅपिड सुरू झाला, की शॉट्स खाली घसरायचे. ‘मनगटात ताकदच नाहीये गं माझ्या,’ असं म्हणत तिने रूमवर डंबेल्स आणून ठेवले.

एका शनिवारी मीही तिच्यासोबत रेंजवर गेले. सरांनी तिला पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि मॅगझिन स्वतः भरलं. पाच गोळ्यांत एक डमी, म्हणजे बारूद नसलेली. ती कितवी, हे तिला माहीत नव्हतं. पहिला शॉट, ठो. दुसरा, ठो. तिसऱ्याला नुसतं ‘टिक’. ना आवाज, ना धक्का. तरीही पिस्तुलाचं तोंड टचकन खाली गेलं. मला लांबूनसुद्धा दिसलं.

‘धक्का तर आलाच नाही. मग पिस्तूल हलवलं कोणी?’ सरांनी शांतपणे विचारलं. ती काहीच बोलली नाही.

अकरावीचं फिजिक्स, रेंजवर

त्या ‘टिक’ने मला कामाला लावलं. रिकॉइल म्हणजे नेमकं काय? अकरावीत घोकलेला संवेग अक्षय्यतेचा नियम आठवा. गोळी जितक्या संवेगाने पुढे जाते, तितक्याच संवेगाने पिस्तूल मागे येतं. पॉइंट २२ लाँग रायफलची गोळी साधारण २.६ ग्रॅमची. ती सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते. ९ मिलिमीटरची नेहमीची गोळी साडेसात ग्रॅमची, वेग साडेतीनशेच्या पुढे. गुणाकार करून बघा, संवेग तिप्पटीहून जास्त भरतो. आणि पिस्तुलांचं वजन सारखंच धरलं, तर मागे येणाऱ्या पिस्तुलाची ऊर्जा जवळपास दहापट होते, कारण ऊर्जेत संवेगाचा वर्ग येतो. कॅलिबर वाढलं की धक्का थोडासा वाढतो, असं आपल्याला वाटतं. तो थोडासा नसतो.

पिस्तूल नुसतं मागे येत नाही, तोंड वर करून येतं. नळी हाताच्या पकडीपेक्षा वर असते, त्यामुळे धक्का पिस्तुलाला मनगटाभोवती फिरवतो. म्हणूनच स्पर्धेच्या पिस्तुलांची नळी हाताच्या जमेल तितकी जवळ ठेवलेली असते.

आता मजा बघा. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा एखाद-दुसरा हजारावा भाग लागतो. आपल्याला धक्का जाणवून आपण काही करेपर्यंत गोळी केव्हाच गेलेली असते. म्हणजे हातात बसलेला झटका सुटलेला शॉट फारसा बिघडवत नाही. तो बिघडवतो पुढचा शॉट, आणि तोही दोन प्रकारे. एक, पिस्तूल पुन्हा नेमावर आणायला वेळ लागतो. दोन, मेंदू मागचा झटका लक्षात ठेवतो आणि ट्रिगर दाबतानाच पिस्तूल खाली ढकलून मोकळा होतो. यालाच शूटर ‘फ्लिंच’ म्हणतात. माझ्या रूममेटचं दुखणं हेच होतं.

ही चूक केवढ्याला पडते? २५ मीटरवर पिस्तूल फक्त एक अंश हललं, तर शॉट सुमारे ४४ सेंटीमीटर सरकतो. रॅपिडच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ दहा सेंटीमीटर व्यासाचं आहे.

चार सेकंदांत पाच

पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये शेजारी शेजारी पाच टार्गेट्स असतात आणि प्रत्येकावर एक शॉट. आधी आठ सेकंदांत पाच, मग सहा, मग चार. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली विजय कुमारने रौप्यपदक जिंकलं ते याच प्रकारात. पूर्वी या प्रकारात पॉइंट २२ शॉर्ट ही आणखी लहान, कमी धक्क्याची गोळी चालायची. २००५ पासून लाँग रायफल सक्तीची झाली आणि शूटर्सना नवी पिस्तुलं घेऊन लय पुन्हा बसवावी लागली.

महिलांच्या रॅपिड राउंडमध्ये एका शॉटला तीन सेकंद मिळतात. मग सात सेकंद हात खाली, आणि परत वर. त्या सात सेकंदांत मेंदूला घाबरायला भरपूर वेळ मिळतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. फायनलमध्ये ५० पैकी ३४ हिट्सवर बरोबरी झाली होती आणि निकाल शूट-ऑफवर गेला. अशा वेळी दचक लपवायला जागा नसते.

मोठं कॅलिबर म्हणजे भारी, हे आपल्या डोक्यात सिनेमाने भरवलंय. पण ज्यांचं कामच बंदुकीशी आहे, त्यांनाही हा हिशोब मांडावा लागला. १९८६च्या मायामीतल्या चकमकीत दोन एजंट गमावल्यावर अमेरिकेची एफबीआय मोठ्या गोळीकडे वळली. आधी १० मिलिमीटर, नंतर पॉइंट ४०. पुढे ९ मिलिमीटरच्या गोळ्याही सुधारल्या आणि २०१४मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने ९ मिलिमीटरकडे परतण्याची बाजू मांडली. त्यातलं एक कारण अगदी साधं होतं. सारख्याच आकाराच्या पिस्तुलातून बहुतेक जण ९ मिलिमीटरने जास्त वेगात आणि जास्त अचूक मारा करत होते. न लागलेली मोठी गोळी काय कामाची?

डंबेल्सचं काय झालं?

रूममेटचा उपाय डंबेल्समध्ये नव्हता. सरांनी तिला तीन गोष्टी दिल्या. दर वेळी पकड एकसारखी, ना सैल ना आवळलेली. ट्रिगर झटक्याने नाही, एका दाबात सरळ मागे. आणि रोज अर्धा तास रिकाम्या पिस्तुलाने सराव, नजर फक्त पुढच्या साइटवर. पिस्तूल वर उडणार आहे, तर उडू दे. ते थांबवायचं नाही, दर वेळी त्याच जागी परत येईल असं बघायचं.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. सरांनी परत गुपचूप डमी भरली. चौथ्याला ‘टिक’ झालं. पिस्तूल हललं, पण अगदी किंचित. सर ‘बरंय’ एवढंच म्हणाले. ती मात्र खूश नव्हती, तिला ते किंचितही नको होतं.

पुढच्या महिन्यात तिची स्पर्धा आहे. डंबेल्स सध्या आमच्या रूमचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेत.