दीड टन ते साडेचार टन

मार्च-एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या नामपूर परिसरात उन्हाळ कांदा काढणीला येतो, तेव्हा शेतकऱ्याचे अर्धे लक्ष मोबाईलवरच्या ढगांच्या चित्राकडे असते. एकदा गारा पडल्या की चाळीत जायचा माल शेतातच सडतो. अशी चित्रे पाठवण्यासाठी बनवलेला इन्सॅट-३डी हा उपग्रह २६ जुलै २०१३ रोजी युरोपच्या एरियान-५ रॉकेटने फ्रेंच गयानातून गेला. त्याचाच भाऊ इन्सॅट-३डीआर ८ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून, आपल्या जीएसएलव्ही रॉकेटने उडाला.

मधल्या काळात घडले ते एवढेच, की ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्हीतले स्वदेशी क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत इंधनावरचे, इंजिन पहिल्यांदा यशस्वी झाले. पण हे ‘एवढेच’ वीस वर्षांचे होते. अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने १९९३मध्ये या इंजिनाचे तंत्रज्ञान द्यायचे नाकारले. तयार टप्पे तेवढे दिले. त्यांच्याच बळावर २००१मध्ये पहिला जीएसएलव्ही दीड टनाचा जीसॅट-१ घेऊन निघाला आणि ठरलेल्या कक्षेला थोडा कमी पडला. २०१०मध्ये आपले इंजिन लावलेले उड्डाण समुद्रात गेले.

स्वतःचे इंजिन साधल्यावरही जीएसएलव्हीची मजल दोन-सव्वादोन टनांचीच. दळणवळणाचे उपग्रह मात्र तीन, चार, पाच टनांचे होत गेले आणि एरियानचे भाडे भरणे चुकेना. त्यावर उत्तर म्हणून एलव्हीएम-३ घडवला गेला. ५ जून २०१७ रोजी त्याने ३,१३६ किलोंचा जीसॅट-१९ नेला.

या रॉकेटचे उड्डाण नीट पाहावे. ६४० टनांचा हा डोलारा जमीन सोडतो तेव्हा मधले इंजिन शांत असते. सगळा भार दोन बाजूंच्या एस-२०० बूस्टरांवर असतो; प्रत्येकात दोनशे टनांहून अधिक घन इंधन. पावणेदोन-दोन मिनिटांनी, आकाशातच, मधली दोन विकास इंजिने पेटतात. त्या एस-२००चे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत घडले आहेत. विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये जुळतात. याच रॉकेटने झालेल्या चांद्रयान-३च्या १४ जुलै २०२३च्या उड्डाणाचे कौतुक करताना या कामगारांच्या हातांची आठवण फार कमी झाली. ती व्हायला हवी होती.

युक्रेन युद्धामुळे रशियन सोयुझ रॉकेटची दारे बंद झाली, तेव्हा वनवेब या परदेशी कंपनीचे ७२ उपग्रह याच रॉकेटने दोन खेपांत, ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३मध्ये, वर नेले. कधीकाळी भाडे भरणारा देश भाडे घेऊ लागला.

पण भारताचाच ४,७०० किलोंचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ने गेला. वर्षभराने, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, एलव्हीएम-३ने ४,४१० किलोंचा सीएमएस-०३ पोहोचवला. अंतर २९० किलोंवर आले, मिटले नाही. ते मिटवण्यासाठी त्याआधीच, १८ सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपयांच्या नव्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली. पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टन नेणाऱ्या या वाहनाचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल. तो उडेपर्यंत जड ओझ्यासाठी भारताचा भरवसा एलव्हीएम-३वरच आहे.