यादीत नाव आहे का?

मंडळी, आपल्या मंडळाचा कुठलाही कार्यक्रम घ्या. नाटकाचे मध्यंतर असो की संक्रांतीचे हळदीकुंकू, एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे आपल्याकडचे राजकारण. कोणी कोणता पक्ष फोडला, कोण कुठून उभे राहणार, कोणाला घरी बसवायला हवे, याचा वडापावची प्लेट हातात धरून आपण जो निकाल लावतो, त्यापुढे निवडणूक आयोगाने हात टेकावेत! पण "तुमचं नाव मतदार यादीत आहे का?" एवढे विचारले की चर्चा एकदम थंड होते. कोणी म्हणते, "होतं बुवा, गिरगावात होतो तेव्हा." कोणी म्हणते, "आपल्याला कुठलं आलंय मतदान? आपण एनआरआय." आणि एखाद्या वहिनी ठामपणे सांगतात, "आता सगळं ऑनलाइन झालंय, मोबाइलवरून देता येतं मत."

यातले तिसरे उत्तर साफ चूक आहे, दुसरे अर्धे चूक आहे आणि पहिल्यात थोडी कायद्याची भानगड आहे. म्हणूनच हा लेख.

इथे आखातात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या मंडळींपेक्षा जास्त लागू पडतो. तिकडे दहा-पंधरा वर्षांत नागरिकत्व मिळते आणि माणूस तिथला मतदार होतो. इथे वीस वर्षे काढली तरी आपण भारताचेच नागरिक असतो आणि नोकरी संपली की बॅगा भरून परत जायचे असते. म्हणजे जगात कुठे मत देण्याचा हक्क असलाच, तर तो आपल्या गावीच.

हे माझ्या डोक्यात शिरले ते आमच्या साइटवरच्या फिलिपिनो सहकाऱ्यांमुळे. त्यांच्याकडे अध्यक्षपदाची निवडणूक आली की दुपारच्या डब्याला दुसरा विषय नसतो. फरक इतकाच, की त्यांच्यातले बरेच जण शुक्रवारी-शनिवारी आपल्या वकिलातीत जाऊन खरोखर मत देऊन येतात. हे कसे झाले म्हणून मी चौकशी केली, तेव्हा कळले की त्यांनाही हे आयते मिळालेले नाही.

फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेत एक कलम आहे. परदेशातल्या पात्र नागरिकांना मतदान करता यावे अशी व्यवस्था संसदेने करावी, असे त्यात म्हटले आहे. कलम आले, पण कायदा यायला २००३ साल उजाडले. सोळा वर्षे! मधल्या काळात परदेशी राबणाऱ्या लोकांच्या संघटनांनी पाठपुरावा सोडला नाही. घरी पैसे पाठवतो ते चालतात, मग आमचे मत का चालत नाही, हा त्यांचा साधा सवाल होता. शेवटी फेब्रुवारी २००३ मध्ये कायदा झाला आणि २००४ च्या निवडणुकीत प्रथमच परदेशातून मतदान झाले. त्या वेळी साडेतीन लाखांवर लोकांनी नावे नोंदवली होती.

त्यांची नोंदणीची पद्धत अशी. पासपोर्ट घेऊन वकिलातीत जायचे, अर्ज भरायचा, फोटो, बोटांचे ठसे आणि सही मशीनवर द्यायची, की झाले. जहाजावर काम करणाऱ्यांना खलाशाचे पुस्तक चालते. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेऊनही ज्यांनी फिलिपिन्सचे राखले आहे, त्यांनाही नाव नोंदवता येते. वकिलातीचे लोक कधी कधी मॉलमध्ये किंवा कामगारांच्या वस्तीजवळ टेबल मांडून नोंदणी करतात. नोंदणीची मुदतही ऐसपैस: २०२५ च्या निवडणुकीसाठी ती डिसेंबर २०२२ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत खुली होती. मतदान एक दिवस नाही, तर महिनाभर चालते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सिनेटर आणि पक्ष-यादीचे प्रतिनिधी यांच्यासाठी मत देता येते. गावचा मेयर मात्र गावकऱ्यांनीच निवडायचा. २०२५ मध्ये तर बऱ्याच देशांतून इंटरनेटवरून मतदान झाले.

मूळ कायद्यात एक खोच होती. जे दुसऱ्या देशात कायमचे राहायला गेले, त्यांना "तीन वर्षांत परत येईन" असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. ही अट लोकांना जाचक वाटे. २०१३ मध्ये कायदा सुधारून ती काढून टाकली. एक नियम मात्र कडक आहे: लागोपाठ दोन राष्ट्रीय निवडणुकांत मत दिले नाही, तर नाव निष्क्रिय होते. त्यामुळे २०२२ मध्ये सुमारे सतरा लाखांवर गेलेली यादी २०२५ मध्ये बारा लाखांच्या आसपास आली. २०२२ मध्ये सगळ्या सोयी असूनही मतदान चाळीस टक्क्यांच्या आतच राहिले. तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असे नाही. पण लाखांच्या यादीकडे कुठल्याही उमेदवाराला दुर्लक्ष करता येत नाही, हे खरे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या कायद्यात मतदार होण्यासाठी त्या मतदारसंघाचा 'सामान्यतः रहिवासी' असावे लागते. त्यामुळे नोकरीसाठी परदेशी गेलेल्याचे नाव यादीतून निघायचे. २०१० साली लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये '२० अ' हे कलम घातले गेले आणि फेब्रुवारी २०११ पासून ते लागू झाले. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने परदेशी असलेल्या भारतीय नागरिकाला आता 'परदेशस्थ मतदार' म्हणून नाव नोंदवता येते. अट एकच: दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे. आपल्यातले काही जण कॅनडाचा पासपोर्ट घेऊन पुन्हा आखातात आले आहेत. त्यांच्याकडचे ओसीआय कार्ड व्हिसाचा त्रास वाचवते, पण मताचा हक्क देत नाही. फिलिपिनो माणसाला दुहेरी नागरिकत्व ठेवून मत देता येते, आपल्याला नाही. हा दोन्हीकडच्या कायद्यांतला मोठा फरक.

नोंदणीचा अर्ज म्हणजे नमुना ६-अ. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर तो भरता येतो, किंवा मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे पोस्टाने पाठवता येतो. सोबत एक फोटो, पासपोर्टमधल्या फोटोच्या व भारतातल्या पत्त्याच्या पानांच्या सही केलेल्या प्रती आणि व्हिसाच्या पानाची प्रत. अमिरातीत २०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लावणे बंद झाले आहे, म्हणून मी माझ्या अर्जाला ई-व्हिसाची छापील प्रत आणि इथले ओळखपत्र जोडले. वय यादीच्या अर्हता दिनांकाला अठरा पूर्ण हवे. २०२२ पासून असे दिनांक वर्षातून चार झाले आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. आपल्या मुलांपैकी बारावी होऊन पुढे शिकायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पत्त्याचे महत्त्व विसरू नका. आपला मतदारसंघ ठरतो तो पासपोर्टमधल्या भारतातल्या पत्त्यावरून. सासुरवाडी कुठे आहे किंवा नवा फ्लॅट कुठे घेतला आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. पासपोर्टचे नूतनीकरण इथे करताना बरेच जण इथलाच पत्ता घालतात आणि नंतर अडतात. नूतनीकरणाच्या आधीच याचा विचार करावा.

अर्ज गेल्यावर केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, ते आपल्या गावच्या घरी चौकशीला येतात. घरचे, नातेवाईक किंवा शेजारी यांच्याकडून कागदांची खातरजमा होते. कोणी भेटलेच नाही, तर कागद इथल्या आपल्या वकिलातीकडे पडताळणीला येऊ शकतात. आमच्याकडे सातारा जिल्ह्यात आल्या त्या गावच्याच अंगणवाडी सेविका. त्यांनी आईला विचारले, "तुमचा मुलगा इथं राहतो का?" आई म्हणाली, "राहत न्हाई, पण हाय इथलाच." त्या बाईंनी अर्जावर काय शेरा मारला ठाऊक नाही, पण नाव लागले. मला वाटते, '२० अ' कलमाचा सगळा अर्थ आईच्या त्या एका वाक्यात आला.

आता ती कायद्याची भानगड. पुष्कळांचे नाव गावच्या यादीत जुन्याच नोंदीवर अजून आहे आणि कपाटात जुने ओळखपत्रही आहे. सुट्टीत निवडणूक आली तर मत देऊन येतात. यात लबाडीचा हेतू नसतो, पण कायद्याने ते बरोबर नाही. रहिवासी म्हणून असलेली नोंद रद्द करून, ओळखपत्र परत करून, परदेशस्थ मतदार म्हणून नोंद करावी लागते. एकाच वेळी दोन्ही नोंदी ठेवता येत नाहीत आणि खोटे निवेदन हा गुन्हा आहे. परदेशस्थ मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही. मतदानाच्या वेळी मूळ पासपोर्ट दाखवायचा. कायमचे परत गेल्यावर मात्र अधिकाऱ्यांना कळवून पुन्हा साध्या मतदाराची नोंद करून घ्यायची. शिवाय यादीच्या फेरतपासणीत गैरहजर माणसांची नावे गळतात. २०२५ मध्ये बिहारमध्ये अशा तपासणीत मसुदा यादीतून सुमारे पासष्ट लाख नावे वगळली गेली. त्यानंतर ज्या राज्यांत ही मोहीम निघाली त्यांत गोवाही होता. जुन्या नोंदीच्या भरवशावर राहू नये, ते यासाठीही.

इथवर वाचून कोणी विचारेल, "एवढं करून मत द्यायचं कसं?" दुखणे तिथेच आहे. मत द्यायला स्वतः मतदान केंद्रावर जावे लागते. सैनिकांना आणि वकिलातीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांना टपालाने मत देता येते, आपल्याला नाही. २०१९ मध्ये एनआरआयना ऑनलाइन मतदान करता येणार, अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. ती खोटी असल्याचे आयोगाने तेव्हाच जाहीर केले. सुधारणेचे प्रयत्न झाले, नाही असे नाही. आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केले, पण राज्यसभेत ते अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबरच संपले. २०२० साली आयोगाने इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेचा प्रस्ताव सरकारकडे पाठवला. मतपत्रिका काही अजून आपल्या हातात आलेली नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. परदेशात सव्वा कोटीहून अधिक भारतीय नागरिक आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परदेशस्थ मतदार म्हणून नोंद होती ती १,१९,३७४ जणांची. प्रत्यक्ष मत दिले २,९५८ जणांनी, त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. आणि आपला महाराष्ट्र? नोंद पाच हजारांच्या थोडी वर, मतदान सतरा जणांचे. सतरा! आपल्या एका कोजागिरीला याहून जास्त माणसे मसाला दुधाच्या रांगेत असतात.

या सतराबद्दल मी कोणाला दोष देत नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या शाळा चालू असतात, विमानाची तिकिटे महाग असतात आणि मतासाठी कोणी रजा देत नाही. मल्याळी मंडळी गटाने तिकिटे काढून जातात, त्यांचे कौतुकच आहे. प्रत्येकाला ते जमणार नाही. पण पाच हजार हा आकडा मात्र मला सलतो. मत द्यायला तिकीट लागते, नाव नोंदवायला लागत नाही.

आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. नव्या वस्तीला पाण्याची लाइन टाकायची, तर आधी मागणीचा आकडा लागतो. "लाइन आली की आम्ही राहायला येऊ" असे सांगून कोणी पाइप टाकत नाही. टपाली मताचेही तसेच आहे. सोय नाही म्हणून नाव नोंदवत नाही आणि नावे नाहीत म्हणून सोय होत नाही, हा घोळ कुठेतरी तोडायला हवा, आणि तोडण्याचे टोक आपल्याच हातात आहे.

परदेशात राहणाऱ्याने तिथले सरकार का ठरवावे, असाही एक आक्षेप आहे. रस्त्यातले खड्डे आणि उन्हाळ्यातले टँकर सोसतात ते तिथले लोक, आपण नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण आपले आईवडील तिथे आहेत, जमीन तिथे आहे आणि म्हातारपण तिथेच काढायचे आहे. आपण पाहुणे आहोत ते इथे, तिथे नाही. शिवाय मते किती मोजकी असू शकतात पाहा: २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला.

तेव्हा मंडळी, एवढेच करा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी पासपोर्ट काढून त्यातला पत्ता पाहा. जुनी नोंद असेल तर ती रद्द करण्याचा आणि ६-अ चा अर्ज भरा. घरी फोन करून सांगा की बीएलओ येतील, त्यांना नीट माहिती द्या. ज्यांना कॉम्प्युटरवर अर्ज भरायला अवघड वाटते, त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला पासपोर्ट आणि फोटो घेऊन यावे. आम्ही दोघेतिघे लॅपटॉप घेऊन दाराशीच बसणार आहोत. वडापाव अर्ज भरून झाल्यावर!