चांगल्या दिवसांचं औषध

१९७० च्या दशकाच्या अखेरीस साताऱ्यात दम्याचं औषध म्हणजे अटॅकचं औषध. छाती भरली की रात्री-अपरात्री डॉक्टरांचं दार वाजवायचं, डेरिफायलिन आणि डेकाड्रॉनचं इंजेक्शन घ्यायचं, पहाटे घाम येऊन छाती मोकळी व्हायची आणि दोन दिवसांनी शाळा. मधल्या दिवसांत काहीच नाही. ‘बाळदमा आहे, वयात आली की जाईल,’ असं सगळे सांगायचे. पुष्कळ मुलांचा जातोही. माझा गेला नाही. पन्नास वर्षं होत आली, आणि या सगळ्या काळाकडे पाहताना मला सर्वांत मोठा बदल दिसतो तो या मधल्या दिवसांतला. अटॅक नसताना काय करायचं, हे कळायला आमची अर्धी पिढी खर्ची पडली.

करण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण जे होतं ते पथ्य आणि श्रद्धा. दही, केळं, पेरू बंद. अडुळशाचा काढा सुरू. कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून औषध. मृग लागला की ओळखीतली माणसं हैदराबादला जायची आणि तोंडात औषध भरलेला जिवंत मरळ मासा गिळून यायची. या लोकांना मी कधी नावं ठेवणार नाही. ज्याने रात्र बसून काढली आहे, तो माणूस सकाळी कुठेही जायला तयार असतो.

ती रात्र कशी असते ते सांगायला हवं. दम्यात श्वास आत घेता येत नाही असं लोकांना वाटतं. खरी अडचण श्वास बाहेर टाकण्याची. नळ्या आकसलेल्या, आतून सुजलेल्या, त्यात चिकट कफ. हवा आत शिरते आणि अडकून बसते, छाती फुगलेलीच राहते, आणि त्या भरलेल्या छातीत पुढचा श्वास घ्यायला जागा उरत नाही. आडवं होणं अशक्य. पलंगाच्या कडेला बसायचं, हात गुडघ्यांवर रोवायचे, खांदे वर. बोलणं तुटत जातं. आधी वाक्य पुरं होत नाही, मग एका श्वासात दोनच शब्द मावतात, मग नुसती मान हलते. आई दिवा न लावता शेजारी बसायची आणि माझी घरघर ऐकत राहायची. घरघर थांबली म्हणजे बरं वाटलं असं ती समजायची. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं, की ऐन अटॅकमध्ये छाती अचानक शांत होणं हे सगळ्यांत वाईट लक्षण; हवाच फिरत नसली तर आवाज कुठून येणार?

तिकडे ब्रिटनमध्ये साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये बाजारात आलं होतं आणि श्वासातून घ्यायचं बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड १९७२ मध्ये. म्हणजे मी चौथीत असताना इंजेक्शनं घेत होते तेव्हा रोज घेण्याचं औषध जगात तयार होतं. माझ्यापर्यंत आल्या त्या थिओफिलिनच्या गोळ्या. पुढे नोकरीला लागले तेव्हा त्या गोळीने फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा, छाती धडधडायची, डोस जरा जास्त झाला की उलटी. वर खडूची धूळ.

पंप आला तो दहशत घेऊनच. ‘पंप म्हणजे शेवटची पायरी.’ ‘एकदा धरला की सुटत नाही.’ लग्नाच्या मुलीच्या पर्समध्ये तो दिसला तर स्थळ हातचं जाईल, म्हणून घरोघरी तो लपवला गेला. मुली बाथरूममध्ये जाऊन पंप घ्यायच्या. मला आधी रोटाहेलर मिळाला. कॅप्सूल खोचायची, फिरवायची, ओढायचं, जिभेवर पावडरीचा किंचित गोडसर कण. तो गोडवा लॅक्टोजचा असतो.

स्टेरॉइडची भीती खरी होती, पण ती चुकीच्या वस्तूला चिकटली. अटॅकनंतर प्रेडनिसोलोनच्या चाळीस मिलिग्रॅमच्या गोळ्या कुणीही बिनतक्रार घ्यायचं. चाळीस मिलिग्रॅम म्हणजे चाळीस हजार मायक्रोग्रॅम, तेही रक्तातून सर्वांगात. पंपाच्या एका फवाऱ्यात असतात शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम, थेट नळ्यांमध्ये. हा हिशेब कुणीतरी कागदावर मांडून दाखवला असता तर कितीजणांचे चेहरे गोल झाले नसते, हाडं ठिसूळ झाली नसती, चाळिशीत मोतीबिंदू झाला नसता. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन अकाली झालं, ते त्या गोळ्यांमुळेच.

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका छातीच्या डॉक्टरांनी माझ्या हातात पीक फ्लो मीटर दिला. प्लॅस्टिकची नळी, बाजूला आकडे, एक काटा. सकाळ-संध्याकाळ जोरात फुंकायचं आणि वहीत लिहायचं. त्या वहीनं मला माझा आजार पहिल्यांदा दाखवला. धाप लागण्याच्या दोन-तीन दिवस आधीच सकाळचा आकडा घसरू लागायचा. मला ‘काही होत नाही’ असं वाटत असतानाही नळ्या सुजलेल्याच असायच्या. बदामी, म्हणजे स्टेरॉइडचा, पंप त्या सुजेसाठी, रोज, बरं वाटत असतानाही, आणि नंतर गुळणा करून टाकायचा. निळा पंप फक्त आकसलेली नळी सैल करतो, सूज तशीच राहते. तरी निळाच जास्त खपत आला, कारण तो पाच मिनिटांत आराम देतो. नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नका, असं ‘जिना’ या जागतिक दमा संस्थेनं स्पष्ट सांगितलं ते २०१९ मध्ये.

२०२० साली कोविडच्या साथीत घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि धाप हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. दमेकऱ्यांना बसमध्ये खोकणं अवघड झालं. माझा अटॅक सुरू असताना शेजारच्या काकू बोटाला यंत्र लावून ‘शहाण्णव आहे, काही नाही’ म्हणाल्या. त्यांनी मायेनेच म्हटलं. पण दम्यात ऑक्सिजन बराच वेळ टिकून राहतो. तो घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्या वेळी माझा पीक फ्लोचा आकडा नेहमीच्या निम्म्यावर आला होता.

आता आमच्यासारख्या तीव्र दम्याच्या काही रुग्णांसाठी बायॉलॉजिक इंजेक्शनं आली आहेत. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी मोजून ठरवतात कुणाला कुठलं लागू पडेल ते. मला लागू पडलं. वर्षानुवर्षं चिकटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू सुटल्या, जिना एका दमात चढता येऊ लागला, फोडणीचा ठसका हा नुसता ठसका राहिला. पण या इंजेक्शनांचा खर्च महिन्याला हजारोंच्या घरात जातो, आणि माझ्या पेन्शनमधला मोठा वाटा त्यात जातो. ज्यांना पेन्शनच नाही, त्यांच्यासाठी ते औषध नसल्यातच जमा.

बदामी पंपाचं तसं नाही. तो तुलनेनं स्वस्त आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि बहुसंख्य दमेकऱ्यांना तेवढाच पुरतो. पंपाला जोडून फवारा साठवून ओढायचा डबा, म्हणजे स्पेसर, परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली तळाशी पंपाच्या तोंडाच्या मापाने भोक पाडून आणि जोड नीट बंद करून वापरता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ती मुलांवर वापरून पाहिली आणि दुकानातल्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली. इतकं सगळं हाताशी असताना जगातल्या दम्याच्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात. रक्तदाबाची गोळी मिळते तसा बदामी पंप प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याच्या महिन्याला मिळायला हवा, आणि तो कसा ओढायचा हे तिथल्या नर्सताईंनी पेशंटकडून समोर करून घ्यायला हवं. माझ्या ओळखीतले कितीतरी जण अजून फवारा मारतात आणि श्वास मागाहून घेतात. औषध सगळं जिभेवरच राहतं.