जुनं जपायचं की नवं शिवायचं?

मुलांनो, अशी कल्पना करा. तुम्ही एकवीस वर्षांचे आहात. जगातल्या एका नावाजलेल्या शिवणघरात नोकरी करताय. ज्याच्या नावावर ते घर चालतं, तो माणूस एक दिवस अचानक जातो. आणि सगळे तुमच्याकडे बघून म्हणतात, "आता पुढचे कपडे तू कर!" तीन महिन्यांनी सगळं पॅरिस ते बघायला येणार असतं. तुम्ही काय कराल? त्याच्यासारखेच कपडे कराल, की तुमच्या मनातले?

ही गोष्ट कल्पनेतली नाही बरं का! १९५७ साली ईव्ह सँ लोराँ नावाच्या मुलावर ही वेळ खरोखरच आली. आणि तेव्हा पडलेला प्रश्न पॅरिसमध्ये अजून सुटलेला नाही.

ओत कुत्यूर म्हणजे काय?

'ओत' म्हणजे उंची आणि 'कुत्यूर' म्हणजे शिवणकाम. दुकानात हँगरला टांगलेला तयार कपडा म्हणजे ओत कुत्यूर नव्हे. हा कपडा एकाच गिऱ्हाइकासाठी, तिच्याच मापानं आणि बहुतेक सगळा हातानं शिवला जातो. हे नाव कुणीही आपल्या दुकानावर लावू शकत नाही. १९४५ पासून फ्रान्सच्या कायद्यानं ते राखून ठेवलंय. पॅरिसमध्ये स्वतःचा कारखाना हवा, त्यात पूर्णवेळ कारागीर हवेत आणि वर्षातून दोनदा नवे कपडे लोकांपुढे मांडायला हवेत.

एकेका कपड्याची किंमत लाखांच्या घरात जाते. साहजिकच गिऱ्हाइकं अगदी मोजकी! "मग आपल्याला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल. पण तिथे निघालेला आकार पुढे साध्या कपड्यांत उतरतो. कंबर घट्ट की सैल, घेर मोठा की छोटा, हे पुष्कळदा तिथे ठरत आलं आहे.

कापडावरून भांडण

ख्रिश्चन डिऑर यांनी आपले पहिले कपडे १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये दाखवले. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कापडाची टंचाई होती. बायका आखूड, चौकोनी खांद्यांचे, काटकसरीनं बेतलेले कपडे घालत होत्या. आणि इथे डिऑर यांनी काय केलं? गोलसर खांदे, मुठीत मावेल अशी कंबर आणि खाली मीटरच्या मीटर कापडाचा घेर! जणू उलटं धरलेलं फूलच. एका अमेरिकन मासिकाच्या संपादिकेमुळे त्याला 'न्यू लूक', म्हणजे नवं रूप, हे नाव पडलं.

गंमत म्हणजे, डिऑर यांना भांडवल पुरवणारे मार्सेल बुसाक हे स्वतः मोठे कापड-गिरणीवाले होते! जास्त कापड खपलं तर त्यांना हवंच होतं.

पण सगळ्यांनाच काही हे आवडलं नाही. पॅरिसच्या एका बाजारात या कपड्यांचे फोटो काढणं चाललं होतं. तिथल्या बायका इतक्या भडकल्या, की त्या मॉडेल्सच्या अंगावर धावून गेल्या आणि त्यांनी कपडे ओढले. मुलांना दूध मिळण्याची मारामार आणि यांना एवढा घेर सुचतोय, हा त्यांचा राग होता.

ज्याला आज 'डिऑरचा वारसा' म्हणून काचेच्या कपाटात ठेवलंय, तो त्या काळी असा वादाचा विषय होता!

डिऑर स्वतः तरी एका आकाराला चिकटून राहिले का? मुळीच नाही. त्यांनी पुढे इंग्रजी 'एच' अक्षरासारखा सरळ आकार आणला, मग 'ए'सारखा खाली रुंद होत जाणारा आणि मग 'वाय'सारखा वर रुंद असलेला. दर सहा महिन्यांनी काहीतरी नवं.

एकवीस वर्षांचा वारसदार

२४ ऑक्टोबर १९५७ रोजी इटलीत असताना डिऑर यांचं निधन झालं. वय अवघं ५२. त्यांच्या हाताखाली दोन वर्षं शिकलेला ईव्ह गादीवर बसला. शेकडो कामगारांचे पगार आता त्याच्या पेन्सिलीवर अवलंबून होते.

३० जानेवारी १९५८ रोजी त्यानं आपले कपडे मांडले. डिऑर म्हटलं की लोकांना आठवायची ती घट्ट कंबर. ईव्हनं ती मोकळीच करून टाकली! खांद्याशी अरुंद आणि खाली पसरत जाणारा हा आकार 'ट्रॅपीज' म्हणून गाजला. लोक इतके खूश झाले, की बाहेर जमलेल्या गर्दीसाठी त्याला बाल्कनीत यावं लागलं.

मग १९६० साली त्यानं आणखी मोठी उडी घेतली. पॅरिसच्या कॅफेंमध्ये बसणारी तरुण मुलं घालत, तशी काळी चामड्याची जाकिटं त्यानं डिऑरच्या दिमाखदार दालनात आणली. झालं! जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली. त्याच वर्षी ईव्हला सक्तीच्या लष्करी नोकरीचं बोलावणं आलं आणि घरानं त्याची जागा मार्क बोआँ यांना दिली. बोआँ यांनी बेतानं, गिऱ्हाइकांना रुचेल असं काम केलं आणि १९८९ पर्यंत घर व्यवस्थित चालवलं.

ईव्हनं स्वतःचं शिवणघर काढलं. १९६६ मध्ये त्यानं पुरुषांच्या समारंभातल्या सुटासारखा पँटसूट बायकांसाठी केला, आणि तो जगभर प्रसिद्ध झाला.

बरोबर कोण?

जुनं जपा म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. लोक ते नाव ऐकून येतात. सगळंच बदलायचं, तर जुनी पाटी कशाला हवी? आणि प्रयोग फसला तर पगार शिवणाऱ्या बायकांचा जातो. शिवाय नवं म्हणजे चांगलंच, असंही नाही. २००० साली याच घरात जॉन गॅलियानो यांनी रस्त्यावर राहणाऱ्या बेघर माणसांच्या फाटक्या वेषावरून उंची कपडे केले. "गरिबांच्या हालांची ही थट्टा आहे," अशी टीका झाली. ती चुकीची होती असं कोण म्हणेल?

दुसरी बाजू म्हणते, डिऑर यांनी १९४७ मध्ये आधीच्यांची नक्कल केली असती, तर हे घर उभंच राहिलं नसतं. नक्कल करत बसलं की शिवणघराचं वस्तुसंग्रहालय होतं.

मला वाटतं, दोघांच्याही नजरेतून एक जागा सुटते. ती म्हणजे कारखाना.

तिथे काम कसं चालतं बघा. कागदावरचं चित्र आधी साध्या मांजरपाटात उभं करतात. ते पुतळ्यावर चढवायचं, टाचण्या लावायच्या, खुणा करायच्या, पुन्हा उसवायचं. मनासारखं झालं की मगच रेशमाला कात्री लावायची. मग कच्ची शिवण, माप आणि शेवटी पक्की शिवण. कोट-सुटांचा विभाग वेगळा आणि झुळझुळीत कपड्यांचा वेगळा. या कारागिरांना फ्रेंचमध्ये 'छोटे हात' म्हणतात. किती गोड नाव!

डिझायनर बदलत गेले. २०१६ मध्ये मारिया ग्राझिया किउरी या घराच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या आणि २०२५ मध्ये जोनाथन अँडरसन आले. पण शिवणं शिकवत आले ते हे हात. ट्रॅपीजचा आकार ईव्हचा होता. कंबरेचा आधार नसताना कापड डौलात कसं पडावं, हे मात्र त्या हातांना ठाऊक होतं.

यातले काही हात आपल्या मुंबईतही आहेत, माहीत आहे? पॅरिसच्या कपड्यांवरचं पुष्कळ भरतकाम इथे होतं. फार वर्षं त्याचा कुठे उल्लेखही नसायचा. ३० मार्च २०२३ रोजी किउरी यांनी गेटवे ऑफ इंडियासमोर कपडे मांडले. ते ओत कुत्यूर नव्हते, तयार कपडे होते. पण मुंबईच्या 'चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट'मधल्या कारागिरांनी भरलेलं भलंमोठं तोरण तिथे सगळ्यांना दिसेल असं उभं होतं.

म्हणून माझं उत्तर असं : आकार खुशाल बदलावा, हातातलं कसब मात्र जपावं. आकाराचं चित्र शंभर वर्षांनीही पुस्तकात सापडेल. पण एक पिढी टाका घालायला शिकली नाही, तर तो टाका संपला. आणि हातांना रोज तेच ते काम दिलं, तर तेही आळसावतात. नवं कोडं पुढे आलं की जुनं कसब तरतरीत राहतं. २०१२ मध्ये राफ सिमॉन्स यांनी नेमकं हेच केलं. १९४७ चं घट्ट कंबरेचं जाकीट घेतलं आणि खाली घेरदार घागऱ्याऐवजी सरळ पँट दिली. शिवणारे हात मात्र त्याच कारखान्यातले!

तुम्हाला काय वाटतं? ईव्हच्या जागी तुम्ही असता, तर कंबर घट्ट ठेवली असती की सैल सोडली असती? आज जेवताना आईबाबांना हा प्रश्न विचारून बघा. वाद चांगला रंगेल! आणि घरात कुणाला काज करायला किंवा तुरपाई घालायला येत असेल, तर वाद संपल्यावर सुई-दोरा घेऊन त्यांच्याजवळ बसा.