कण अडकतो कुठे, सुटतो कुठे?

तांब्यात भेसळ झाली की विजेला अडथळा वाढतो. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये त्यापुढचे भाकीत केले : अणूंच्या जाळीत पुरेशी अव्यवस्था असेल, तर इलेक्ट्रॉन नुसता अडखळत नाही, एका जागी अडकून पडतो. कारण तो लाटेसारखा वागतो. अडथळ्यांवरून फिरून परतलेल्या लाटा मूळ जागी एकमेकींना बळ देतात, दूरवर मात्र विरून जातात. अँडरसन यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले.

१९७९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले, की सपाट पृष्ठभागावर सर्वसाधारणपणे किंचित अव्यवस्थाही कणाला अडकवते. तीन मितींत मात्र ती ठरावीक मर्यादा ओलांडावी लागते.

पृष्ठभागच वक्र असेल तर? षटकोनी फरशा जमिनीवर नीट बसतात. प्रत्येक कोपऱ्यात तीन सप्तकोनी फरशा जोडू लागलो, तर पृष्ठभागाला झालरीसारख्या चुण्या पडतात. अशा जाळीत बाहेर जाताना दर टप्प्याला बिंदूंची संख्या पटीने वाढते. लाटेला पुढे जायला वाटा भरपूर, परतीच्या थोड्या. त्यामुळे संगणकावरील गणितांत सौम्य अव्यवस्थेला कण दाद देत नाही. ती तीव्र झाली तरच अडकतो. मिती दोनच, वागणे तीन मितींसारखे!

ही जाळी कागदावरच राहिलेली नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात २०१९ मध्ये अतिवाहक सर्किटांतून अशी सप्तकोनी जाळी सपाट चिपवर साकारली. चिप वाकवावी लागली नाही. महत्त्व आकाराला नव्हते, कोण कोणाला जोडले आहे याला होते. पदार्थातून वीज वाहील की नाही, हे केवळ त्याच्या शुद्धतेवर नाही, तर त्या जोडणीवरही ठरते.